ठोका पडला, बार झाला नाही : प्रायमरच्या अभ्यासाची प्रस्तावना

रायफलच्या काडतुसाच्या बुडाशी, बरोबर मधोमध, धातूची एक छोटी वाटी घट्ट बसवलेली असते. हाच प्रायमर. मोठ्या मापाच्या रायफल-प्रायमरचा व्यास 5.33 मिलिमीटर, लहान मापाचा 4.45 मिलिमीटर. वाटीच्या तळाला आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा पातळ थर असतो आणि त्यावर दोन किंवा तीन पायांची इवलीशी ऐरण. फायरिंग पिनचा ठोका बसला की वाटीचे बूड आत दबते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडते, पेट घेते आणि त्याची ज्वाळा पुंगळीतल्या भोकातून मुख्य दारूपर्यंत पोहोचते. दिवाळीत पिस्तुलातल्या टिकल्या वाजवलेल्या प्रत्येकाने यातला पहिला टप्पा अनुभवलेला आहे. नळीतला दाब, गोळीचा वेग, नेमाची अचूकता हे सगळे त्यानंतरचे, आणि त्या सगळ्यांचा पाया या पहिल्या क्षणात घातला जातो.

या पुस्तकातले लेख त्या क्षणाचा, आणि विशेषतः तो क्षण बिघडतो तेव्हाचा, अभ्यास करतात. ठोका पडतो, पण बार होत नाही. किंवा होतो, पण उशिरा. किंवा होतो, पण वाटीला भोक पडते. वरवर पाहता हा विषय फार अरुंद वाटेल. प्रत्यक्षात रसायन, धातुशास्त्र, यंत्रशास्त्र आणि संख्याशास्त्र या चारही वाटा इथे येऊन मिळतात. अमेरिकेत गॅरेजमधल्या टेबलावर हाताने काडतुसे भरणारा हौशी नेमबाज, दारूगोळा कारखान्यातला गुणवत्ता-तपासनीस आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ असे तिघेही एकाच प्रायमरकडे वेगवेगळ्या कारणांनी भिंगातून पाहत असतात. मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी संशयिताच्या हातावर शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांचे एकत्र झालेले सूक्ष्म कण शोधतात, ते मुख्यतः प्रायमरमधूनच आलेले असतात. दारू जळून जाते, प्रायमर मात्र सही ठेवून जातो.

नव्या वाचकाला या क्षेत्रात शिरताना एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बार फुसका गेला की पहिला निकाल ठरलेला असतो : प्रायमर खराब निघाला. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. आधुनिक कारखान्यातून आलेला प्रायमर ही हाताने भरलेल्या काडतुसातली बहुधा सर्वांत भरवशाची वस्तू असते. दोष त्याच्या आजूबाजूला असतो. ज्या खोबणीत तो बसला ती खोबण, ज्या हाताने तो बसवला तो हात, ठोका देणारी स्प्रिंग, चेंबरमध्ये सैल बसलेली पुंगळी. या विषयाचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे चुकीच्या आरोपीला सोडवून खऱ्या आरोपीपर्यंत पोहोचण्याचा इतिहास आहे, आणि म्हणून तो इथे थोडा विस्ताराने मांडतो.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत पेटती जामगी, म्हणजे वात, रंजकावर टेकवत. रंजक म्हणजे बंदुकीच्या कानावर, म्हणजे नळीच्या छोट्या छिद्रावर, ठेवलेली बारीक दारू. ती पेटली की आग कानातून आत जायची. पावसात रंजक भिजायचे, वाऱ्यात उडून जायचे. चकमकीच्या बंदुकीने जामगी गेली, रंजक राहिले आणि त्याबरोबर पावसाची भीतीही राहिली. यातून सुटका करणारा माणूस सैनिक नव्हता, स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनजवळच्या बेलहेल्व्ही गावचा पाद्री होता. अलेक्झांडर जॉन फोर्सिथ याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. रंजकाचा भडका दिसताच पक्षी सावध होतात आणि गोळी पोहोचण्याआधी निसटतात, ही त्याची अडचण. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1800 साली पाऱ्याच्या फल्मिनेटवरचा निबंध प्रसिद्ध केला होता. ठोका मारताच स्फोट पावणाऱ्या अशा द्रव्यांचा उपयोग बंदूक पेटवण्यासाठी करता येईल, हे फोर्सिथने ओळखले आणि 1807 मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढच्या दोन दशकांत हे द्रव्य तांब्याच्या टोपीत आले. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना घेऊन ठेवलेली ठासणीची, टोपीवर चालणारी बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा टप्पा पुस्तकातून समजावून घ्यावा लागणार नाही.

फरक किती पडला हे 1834 मध्ये इंग्लंडमधल्या वुलिचला मोजले गेले. चकमकीच्या आणि टोपीच्या बंदुकीतून प्रत्येकी सहा हजार बार काढले. चकमकीचे साधारण साडेसहांपैकी एक फुकट गेले, टोपीचे 166 पैकी एक. तरीही जुन्या बंदुका लष्करातून लगेच गेल्या नाहीत. मे 1841 मध्ये, पहिल्या अफूच्या युद्धात, कँटनजवळ वादळी पावसात 37 व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी मुख्य सैन्यापासून तुटली. त्यांच्या चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या. ते शिपाई चौकोनी व्यूह करून संगिनींवर तग धरून राहिले आणि अखेर टोपीच्या बंदुका घेतलेल्या रॉयल मरीन्सच्या दोन तुकड्यांनी जाऊन त्यांना सोडवले. 6,000 पैकी 922 आणि 6,000 पैकी 36 या आकड्यांमधले अंतर त्या रात्री त्या भारतीय शिपायांच्या जिवावर बेतले होते. संख्याशास्त्राच्या लेखांकडे वळताना हे लक्षात असावे.

टोपी पुंगळीच्या बुडात शिरली ती 1860 च्या दशकात, आणि 1866 हे वर्ष या विषयात दोनदा येते. त्या वर्षी अमेरिकेत हायरम बर्डनने आणि इंग्लंडमध्ये वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर याने आपापल्या रचनांची पेटंटे घेतली. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या खोबणीतच घडवलेली असते आणि तिच्या दोन बाजूंना सहसा दोन बारीक भोके असतात. बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरच्या पोटात असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. पुढे घडले ते असे की अमेरिकनाची रचना युरोपच्या बऱ्याच भागाने उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेने. अमेरिकेत हाताने काडतुसे भरण्याची परंपरा एवढी रुजली, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे. मधल्या भोकातून एक सरळ सुई घातली की वापरलेला बॉक्सर प्रायमर मागून बाहेर पडतो. बर्डनचा काढायला खास आकडा किंवा पाण्याचा दाब लागतो. तो खटाटोप एकदा करून पाहिलेले लोक सहसा दुसऱ्यांदा करत नाहीत.

आता त्या खटल्याकडे येतो, ज्यासाठी मला हा विषय सर्वांत जास्त प्रिय आहे. 1890 च्या सुमारास धूर न करणारी दारू सर्वत्र आली आणि तिच्याबरोबर एक कोडे आले. नेमबाज रायफल साफ करत, नळीतून स्वच्छ फडका बाहेर येईपर्यंत घासत, तेल लावत आणि दोन-चार दिवसांनी पाहावे तर आत गंज. साहजिकच संशय नव्या दारूवर गेला. ती नायट्रोयुक्त, तेव्हा तिच्यातून आम्ल सुटत असणार, ते पोलादाच्या छिद्रांत मुरत असणार आणि नंतर घामासारखे बाहेर येत असणार, असा तर्क मांडला गेला. तो इतका पटण्याजोगा होता की आम्ल मारणारी तेले आणि द्रावणे बाजारात आली, विकली गेली, आणि गंज होता तिथेच राहिला.

1922 मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्ससाठी विल्बर्ट हफ याने केलेल्या तपासणीने आरोपी बदलला. त्या काळच्या प्रायमर-मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. बार काढला की त्याचा अतिसूक्ष्म थर नळीच्या आतून बसतो. हवेतला ओलावा तो शोषतो आणि त्या ओल्या क्षाराखाली पोलाद गंजते. कोकणातल्या समुद्रकाठच्या घरात खिडकीच्या गजांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही प्रक्रिया उलगडून सांगायला नको. तेल हा क्षार विरघळवू शकत नाही, पाणी विरघळवते. मग काळ्या दारूच्या काळात हा गंज का दिसला नव्हता? कारण काळ्या दारूची काजळी इतकी दाट की नळी पाण्याने धुवावीच लागे, आणि त्या पाण्याबरोबर प्रायमरचा क्षारही नकळत वाहून जाई. नवी दारू स्वच्छ जळू लागली, लोकांनी पाणी सोडून तेल धरले आणि गुन्हेगार मोकळा सुटला. दारू मात्र तीस वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

पाऱ्याचीही कथा याच घाटाची आहे. फल्मिनेटमधला पारा पितळेत मुरतो आणि पितळ ठिसूळ होते. काळ्या दारूच्या काजळीत तो पारा बराचसा अडकून पडे. धूरविरहित दारूने ते आवरण काढून घेतले आणि पुंगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला तडकू लागल्या. इथेही आधी दोष दारूला आणि पितळेला लागला. पाराविरहित आणि नंतर क्लोरेटविरहित मिश्रणे आली. जर्मनीतले सिनॉक्सिड आणि 1927 मधले रेमिंग्टनचे क्लीनबोअर ही त्यातली प्रसिद्ध नावे. आजच्या बहुतेक प्रायमरचा आधार असलेले लेड स्टिफनेट तिथून रुळले. अमेरिकन लष्कराने मात्र आपल्या बहुतेक काडतुसांसाठी जुने क्लोरेटचे मिश्रण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सोडले नाही, कारण वर्षानुवर्षे साठवूनही ते दगा देत नाही याची त्यांना खात्री होती. जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसे वापरणाऱ्याने आजही रायफल आधी पाण्याने धुवावी, मग वाळवून तेल लावावे.

इतिहासाचा हाच धडा कामाच्या टेबलावर रोज उपयोगी पडतो. हँडलोडिंगमध्ये वापरलेली पुंगळी साफ करतात, साच्यातून काढून मूळ मापाला आणतात, तिच्यात नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि गोळी भरतात. अशा काडतुसाला ठोका पडला आणि बार झाला नाही, तर सर्वांत आधी काही करायचे नाही. रायफलचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचे, मी तर पूर्ण मिनिट म्हणेन. मिश्रण अर्धवट पेटून धुमसत असेल तर बार उशिरा होतो आणि तोवर बोल्ट उघडलेला नसणे हेच आपले संरक्षण असते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, नुसता पट् असा, तर दुसरी गोळी मुळीच झाडायची नाही. प्रायमरच्या एकट्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते.

मग प्रश्न विचारायचा : दुसऱ्या ठोक्याला तो पेटला का? या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला पेटला, तर बहुधा प्रायमर खोबणीच्या तळापर्यंत बसलेलाच नव्हता. पहिल्या ठोक्याची ताकद त्याला आत ढकलण्यात खर्च झाली आणि दुसऱ्याच्या वेळी ऐरणीचे पाय तळाला टेकलेले असल्यामुळे मिश्रण चिरडले गेले. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समपातळीत किंवा किंचित खाली असावा. साधारण 0.08 ते 0.13 मिलिमीटर खाली ही अनेकांची पसंती आहे. बोटाचे टोक फिरवले की उंच राहिलेला प्रायमर लागतो, नजरेला दिसत नाही. म्हणून भरलेले प्रत्येक काडतूस बोटाखालून घालण्याची सवय इतर कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाची आहे. प्रायमर उंच का राहिला, तर खोबणीच्या तळाशी जुन्या बारांची काजळी साचलेली असेल, किंवा पुंगळी लष्करी असून खोबणीच्या काठाचे पितळ आत दाबलेले असेल. ते काठ आधी काढावे किंवा दाबून मोकळे करावे लागतात. तसे न करता जोर लावणारे लोक वाटीच चेपतात.

दुसऱ्या ठोक्यालाही नाही पेटला, तर पिनने प्रायमरवर पाडलेल्या खड्ड्याकडे भिंगातून पाहावे. त्याच रायफलमधून व्यवस्थित उडालेल्या कारखान्याच्या काडतुसाचा खड्डा शेजारी ठेवावा. शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नये, कारण उथळ म्हणजे किती उथळ हे एकट्या खड्ड्यावरून सांगता येत नाही. खड्डा उथळ असेल तर बोल्टच्या पोटात पाहायचे. थकलेली स्प्रिंग, किंवा थंडीत घट्ट झालेले जुने तेल. डोंगराळ प्रदेशात हिवाळी शिकारीला गेलेल्यांच्या रायफली याच तेलामुळे दगा देतात, आणि घरी आल्यावर उबेत नीट चालतात. मग प्रायमरवर ठपका येतो. बोल्ट सुटा करून धुवावा आणि जवळजवळ कोरडाच जोडावा. स्प्रिंगही ठीक असेल तर पुंगळी मोजावी. साचा जास्त खाली बसवल्यामुळे पुंगळीचा खांदा मागे गेला असेल, तर ती चेंबरमध्ये पुढे-मागे हलते. पिन तिला आधी पुढे ढकलते, ठोक्याची धार मरते आणि खड्डा उथळ पडतो. इथे रायफल निर्दोष आहे आणि प्रायमरही. चूक साचा किती फेरे फिरवून बसवला याची आहे.

एवढे सगळे तपासून काही हाती लागले नाही तरच प्रायमरची पाळी. तेव्हाही कारखान्याच्या आधी आपले टेबल तपासावे. पुंगळी साच्यात घालताना लावलेले वंगण खोबणीत उतरले होते का, प्रायमर तेलकट बोटांनी हाताळले होते का, ओलसर जागी उघडे पडले होते का. प्रायमर नेहमी कारखान्याच्या मूळ खोक्यातच ठेवावेत, कारण ते खोकेच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी बनवलेले असते. काचेच्या बरणीत सुटे ओतलेले प्रायमर हा साठा राहत नाही, स्फोटक होतो.

दाबाच्या खुणांचा अभ्यास याहून नाजूक आहे आणि माझ्या मते तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. चपटा झालेला प्रायमर म्हणजे दाब जास्त, हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. बार होतो तेव्हा प्रायमर आधी मागे सरकून बोल्टला टेकतो. मग दाब वाढतो, पुंगळीचे बूड मागे ताणले जाते आणि प्रायमर पुन्हा खोबणीत दाबला जातो. पुंगळी सैल असेल तर या हालचालीतच त्याच्या कडा चपट्या होऊ शकतात आणि दाब मर्यादेतच असतो. उलट, बारानंतर प्रायमर बुडाबाहेर डोकावताना दिसला तर नवशिक्याला वाटते की दाब फार झाला. बहुधा झालेले असते नेमके उलटे : दाब इतका कमी की बूड मागे ताणलेच गेले नाही आणि प्रायमर जिथे सरकला तिथेच राहिला. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. बोल्ट जड उघडला का, बुडावर चमकदार ठसा उमटला का, नवा प्रायमर खोबणीत सैल बसतो का, हे सगळे साक्षीदार एकत्र बोलावावेत. वाटीला भोक पडले असेल तर मात्र लगेच थांबावे. त्यातून येणारा तप्त वायू पिनचे टोक आणि बोल्टचा चेहरा कोरून काढतो, आणि कोरलेले टोक पुढच्या वाट्यांना आणखी भोके पाडते.

भोकाचे एक कारण अगदी साधे असते. मोठ्या मापाचे रायफल आणि पिस्तूल प्रायमर व्यासाने सारखेच. उंचीत सुमारे 0.2 मिलिमीटरचा फरक, आणि पिस्तूलवाल्याची वाटी पातळ. चुकीच्या खोक्यातला प्रायमर रायफलच्या खोबणीत गुपचूप बसतो आणि रायफलच्या दाबाला फाटतो. टेबलावर एका वेळी प्रायमरचे एकच खोके असावे, असे जुने लोक सांगतात ते यासाठी.

चांगला प्रायमर म्हणजे सहज पेटणारा, ही समजूत संख्याशास्त्राचे लेख मोडून काढतील. काही स्वयंभरणी रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती स्वतःच्या जडत्वाने पुढे येऊन प्रायमरला हलकेच टोचते. एआर-15 मधून न झाडता बाहेर काढलेल्या काडतुसावर तो बारीक ठिपका दिसतो. प्रायमर फार हळवा असेल किंवा उंच राहिला असेल, तर चाप न ओढता बार होतो. 1960 च्या दशकात एम-16 ची पिन हलकी करावी लागली ती याच भीतीने. म्हणजे प्रायमरला एका मर्यादेच्या वर हमखास पेटायचे आहे आणि दुसऱ्या मर्यादेच्या खाली हमखास पेटायचे नाही. या दोन मर्यादा शोधायच्या तर प्रायमरवर ठरावीक वजनाचा गोळा वेगवेगळ्या उंचीवरून सोडतात. पण एक प्रायमर एकदाच तपासता येतो. दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनियातल्या ब्रूसटन येथील स्फोटक प्रयोगशाळेत यावर एक सुंदर रीत निघाली : पेटला तर पुढचा गोळा एक पायरी खालून सोडा, नाही पेटला तर एक पायरी वरून. मोजमाप आपोआप मधल्या उंचीभोवती घुटमळू लागते आणि थोड्या नमुन्यांत सरासरी हाती लागते. डिक्सन आणि मूड यांनी 1948 मध्ये तिचे गणित प्रसिद्ध केले, आणि पुढे विषशास्त्राने व भूलशास्त्राने मात्रा ठरवण्यासाठी हीच पायऱ्यांची रीत उचलली. एवढ्याशा वाटीने वैद्यकाला दिलेली ही देणगी मला फार मोठी वाटते.

मराठी वाचकाने एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे. घरच्या टेबलावरचे हँडलोडिंग ही मुख्यतः अमेरिकेची आणि तशीच मोकळीक असलेल्या इतर काही देशांची विद्या आहे, आणि या पुस्तकातले टेबलावरचे लेख शस्त्र अधिनियमाच्या चौकटीत वाचायचे आहेत. विषयाशी आपले नाते मात्र जुने आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, म्हणजे बॉक्सर आणि बर्डन यांच्या पेटंटांनंतर अवघ्या तीन वर्षांनी उभा राहिलेला. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला आजही रायफलींची काडतुसे बनतात, आणि पुण्याच्या सुतारवाडीतल्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेत उच्च-ऊर्जा द्रव्यांवर संशोधन चालते. तिथे काम करणाऱ्या मुलामुलींना हा विषय आपल्या भाषेत वाचायला मिळावा, ही या पुस्तकामागची खरी तळमळ आहे.

आणि कोल्हापूरचे नेमबाज. 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांनी हे यश मिळवले ते 50 मीटर रायफलमध्ये, म्हणजे .22 मापाच्या रिमफायर काडतुसावर. त्यात स्वतंत्र प्रायमर नसतो. ओले मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेत घालून ती गरगर फिरवतात आणि ते कडेभर पसरते. एखाद्या ठिकाणी ते पोहोचले नाही आणि पिन नेमकी तिथेच पडली तर बार होत नाही. थांबून, काडतूस थोडे फिरवून पुन्हा घातले आणि ते पेटले, तर कडेतली ती रिकामी जागाच कारण होती असे बहुधा म्हणता येते. पेट देणारे मिश्रणच दोषी निघण्याची शक्यता रिमफायरमध्ये खरोखर जास्त असते. वर मांडलेल्या माझ्या आग्रहाला हा प्रामाणिक अपवाद आहे.

पुस्तक कुठूनही वाचता येईल. ज्याला रसायनाची ओढ आहे त्याने क्षार आणि पाऱ्यावरचे लेख आधी घ्यावेत. ज्याला यंत्राची आहे त्याने खोबणी आणि स्प्रिंगचे. विद्यार्थ्यांना मात्र शेवटच्या भागापासून, शिसेमुक्त प्रायमरपासून, सुरुवात करण्याचा सल्ला देईन, कारण तिथे काम अजून बाकी आहे. बंदिस्त रेंजमध्ये रोज सराव करणाऱ्यांच्या श्वासात प्रायमरमधले शिसे जाते, म्हणून ते काढून टाकण्याची धडपड अनेक देशांत चालू आहे. डीडीएनपीसारखी पर्यायी द्रव्ये सापडली आहेत. लेड स्टिफनेटइतकीच खात्री कडाक्याच्या थंडीत आणि दीर्घ साठवणीनंतरही मिळावी, हे मात्र त्यांना अजून जड जाते. अशा प्रायमरचा ठोका वाया गेला की आरोप पुन्हा आधी मिश्रणावरच होतो, आणि तो किती खरा आहे हे ठरवायला लागणारी मोजमापे त्या भागातल्या तक्त्यांत दिली आहेत.